झिमाबाईचा निरोप, जसाच्या तसा

झिमाबाईच्या ओढणीला दोन-चार गाठी कायम असायच्या. आरसे लावलेली, धुऊन धुऊन रंग उडालेली ओढणी, आणि तिच्या एका टोकाला ओळीनं गाठी. नव्या माणसाला वाटायचं, बाईनं तंबाखू बांधून ठेवली असेल. एकदा तिच्याशेजारी बसणाऱ्या एका पोरीनं चाचपून पाहिलं, तर गाठ रिकामी.

"आजी, ह्यात तर कायबी न्हाई."

"हाय की. ही किसन हमालाच्या पाण्याची. ही रेच्यावरल्या बायांच्या फडक्याची. अन् ही पहिली, ही भोंग्याची. तिला हात लावू नको."

भोंग्याची ती गाठ दीड हंगाम सुटली नाही. कशी सुटली ते मी जवळून पाहिलं. लोक आता ती गोष्ट आपापल्या परीनं सांगतात, त्यात मीठमसाला घालतात, आणि झिमाबाईच्या बाबतीत तेवढं तरी होऊ नये. म्हणून मी लिहायला बसलो. शाळा माझी तिसरीतच सुटली, पण अक्षर माझं आजच्या पोरांपेक्षा बरं आहे.

आमची कापसाची जिनिंग सेनगावच्या रस्त्याला. दिवाळी झाली की सुरू, शिमग्याच्या आगेमागे बंद. रेचे म्हणजे यंत्रं, त्यातून सरकी एकीकडं आणि रुई एकीकडं पडते, आणि ती रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गठाणी बांधतात. प्रेसवर मी. आमच्या घरात सगळे मेंढरांमागं, यंत्राला हात लावणारा मी पहिला. माझ्या हातची गठाण कधी सैल निघाली नाही. निघाली असं कोणी म्हणत असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

झिमाबाई कापसातली कवडी वेचायला होती. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. टेकडीच्या तांड्यावरून वीसेक बाया ह्या कामाला यायच्या. सकाळची एसटी त्यांना साडेआठलाच फाटकाशी सोडायची. कामाचा भोंगा नऊला. तोवर त्या रस्त्याच्या मोरीवर बसून एकमेकींच्या सुनांची चौकशी करायच्या. संध्याकाळी उलटी तऱ्हा. भोंगा सहाला, आणि तांड्याकडं मुक्कामाला जाणारी तीच गाडी फाटकापुढून जायची सहाला दहा कमी असताना. म्हणजे रोज ह्या बाया हातात कवडी धरून आपली गाडी आपल्यासमोरून जाताना बघायच्या. कंडक्टर खिडकीतून हात हलवायचा. मग सहाला भोंगा झाला की तास-सव्वातास पायपीट. थंडीत सहालाच अंधारून येतं, आणि रस्त्याला कापसाच्या पऱ्हाट्यांतून डुकरं निघतात.

एका हंगामात लेबर ऑफिसातून एक साहेब आले. रजिस्टर चाळलं आणि आमच्या मॅनेजरला म्हणाले, वीस माणसं कामाला लागली की कायद्यानं तक्रार निवारण समिती लागते, तुमची कुठं आहे. आमचे मॅनेजर नाईकवाडे साहेब. नाकावर घसरणारा चष्मा, खिशाला दोन पेन. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याजवळ सगळ्या गोष्टींना एकच शब्द होता. बघू. लेबर साहेबांनाही ते बघूच म्हणाले. त्यावर ते साहेब म्हणाले, आठ दिवसांनी मीच बघायला येतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नाईकवाडे साहेबांनी सगळ्यांना वजनकाट्यापाशी गोळा केलं आणि नोटीस वाचली. सहा जणांची समिती, तीन मालकाकडचे, तीन कामगारांनी निवडून दिलेले, त्यात एक बाई. पुढं बरंच होतं. वाचता वाचता रुईच्या धुरळ्यानं साहेबांना शिंक आली. मला नोटिशीतलं एवढंच आठवतं. भाकरी समोर असताना नोटीस कोण ऐकतो.

बाईची जागा कोणाला द्यायची हे साहेबांनीच सुचवलं. "झिमाबाईला घ्या. शांत बाई आहे. हंगामात चार शब्द बोलत नाही."

हे खरं होतं. झिमाबाई स्वतःचं असं काही बोलायचीच नाही. ऊन आहे का विचारलं तर वर बघून मान हलवायची.

सगळ्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मतदानाला मडकी मांडली. उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचं एक मडकं, आणि प्रत्येकानं तीन मडक्यांत एकेक सरकी टाकायची. मी त्या दिवशी धुतलेली टोपी घालून आलो होतो. जिनिंगमध्ये सगळ्यात जुना मी, त्यामुळं निकालाबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती. मडकी उपडी केली, तर झिमाबाईचा ढीग, त्याच्या निम्मा बशीर फिटरचा, आणि तिसरा माझा. त्याला ढीग म्हणता येत नव्हतं.

"सीट तो लगी ना, चाचा," बशीर म्हणाला.

मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आता झिमाबाईला ह्या कामातलं काय समजलं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. तिचा सासरा तांड्याचा निरोप्या होता. लग्न असो, मयत असो, पंचायत असो, दुसऱ्या तांड्यावर सांगावा घेऊन तोच चालत जायचा. त्यांच्या घराची रीत अशी, की निरोप ज्याच्या तोंडचा त्याच्याच शब्दांत सांगायचा. शब्द घालायचा नाही, शब्द गाळायचा नाही. निरोपामागं एक गाठ मारायची, आणि जवाब मिळाला की सोडायची. जवाब मिळेपर्यंत त्या घरी बसायचं नाही आणि पाणी घ्यायचं नाही. म्हातारा गुडघ्यानं गेला तेव्हा हे काम सुनेकडं आलं. पुढं घरोघर मोबाइल झाले आणि झिमाबाईचं काम सुटलं. ती कवडी वेचायला लागली आणि गप्प झाली.

बशीरनं तिला समजावून सांगितलं, की समितीत कामगारांचं म्हणणं साहेबांकडं न्यायचं आणि साहेबांचं कामगारांकडं आणायचं.

"म्हंजी निरोप्याच की," झिमाबाई म्हणाली. "मंग इतका वेळ काय सांगून राहिला."

त्याच दुपारी ती सगळ्यांत फिरली. पहिला निरोप तांड्यावरच्या बायांनी दिला. भोंगा गाडीच्या आधी झाला पाहिजे. ती पहिली गाठ.

पहिली बैठक ऑफिसात झाली. मालकाकडून नाईकवाडे साहेब, टाइमकीपर आणि मालकाचा भाचा. भाच्याचं सगळं लक्ष मोबाइलमध्ये. आमच्याकडून मी, बशीर आणि झिमाबाई. सहा खुर्च्या, सहा चहा. आम्ही बसलो, झिमाबाई उभी.

"बसा ना बाई. चहा घ्या."

"जवाब भेटल्यावर," ती म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून एकदम किसन हमालासारखी खोकली. मी दचकून मागं पाहिलं, किसन आत आला की काय. मग किसनच्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "त्या नाईकवाड्याला म्हनावं, टाकीत उंदीर पडला तरी तुला काय फरक पडतू, तू तर बाटलीतलं पितू."

टाइमकीपरला चहा नाकात गेला. भाच्यानं पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर केली.

"बाई, जरा सभ्य भाषेत बोला."

"भाषा किसनची हाय, साहेब. मी निस्ती आणली."

"तुमचा मुद्दा काय आहे?"

"माझा कायबी न्हाई. निरोप हाय. जवाब द्या."

"बघू."

"कवा बघता?"

"बघू म्हणजे बघू."

"बराबर," झिमाबाई म्हणाली. चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती वजनकाट्यावर चढली. नाकावरचा नसलेला चष्मा एका बोटानं वर सारला, खिशातली नसलेली दोन पेनं चाचपली, आणि म्हणाली, "बघू म्हणजे बघू." एवढंच. खाली उतरून भाकरी खायला बसली. हसून हसून किसनला खरा खोकला आला. त्यानंतर चार दिवस जिनिंगमध्ये कोणी कोणाला मीठ मागितलं तरी समोरचा चष्मा वर सारून "बघू म्हणजे बघू" म्हणायचा. नाईकवाडे साहेब कापसाच्या गंजीमागून जात होते, त्यांच्या कानावर गेलंच. पाचव्या दिवशी टाकी धुतली. साहेब स्वतः काठावर उभे होते.

मी सुद्धा समितीत होतो हे विसरू नका. मी मुद्दे मांडायचो. ते साहेब लिहून घ्यायचे आणि वहीत पुढं लिहायचे, चर्चा झाली. झिमाबाईपुढं हा इलाज चालेना. साहेब एकेक शब्द तोलून बोलायला लागले. "रेच्यावरल्या बायांना तोंडाला बांधायला फडकी सोमवारी मिळतील. थांबा. सोमवारी म्हणू नका, ह्याच आठवड्यात म्हणा."

"दोनीबी सांगते," झिमाबाई म्हणायची.

फडकी सोमवारीच आली.

एकेक गाठ सुटत गेली, भोंग्याची मात्र हलेना. साहेब म्हणाले, "मालकांच्या आजोबांपासून भोंगा सहाला आहे. भोंगा हलणार नाही. तुम्ही गाडीची वेळ बदलून घ्या." झिमाबाईनं दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत हा निरोप कंडक्टरला दिला, चष्म्यासकट. त्याचा जवाब तिनं पुढच्या बैठकीत आणला. "तुमच्या साहेबाला म्हनावं, भोंगा गाडीसारखा डेपोतून सुटत न्हाई. तुमचं बटन तुमच्याजवळ. माझ्या गाडीत शाळेची पोरं हायेत, पुढं घाट हाय. टिंग टिंग." घंटीसुद्धा तिनं गाळली नव्हती. त्यावर साहेब पुन्हा बघू म्हणाले, आणि बघू हा काही जवाब धरत नाहीत.

ह्याच हंगामात माझ्या कमरेत भरलं. प्रेसवर वाकायचं तर डोळ्यापुढं काजवे. मी कोणाला बोललो नाही. दुसऱ्यांचे मुद्दे मांडणारा माणूस स्वतःचंच दुखणं घेऊन कसा उभा राहील. झिमाबाई निरोप गोळा करत माझ्यापाशी आली.

"भाऊ, तुमचा काय निरोप?"

"माझा काही निरोप न्हाई."

"बराबर," म्हणाली, आणि गाठ मारली.

"अगं, न्हाई म्हणलो ना मी. काहून गाठ मारून राहिली?"

"जे म्हणले त्याचीच मारली."

बैठकीत तिनं सगळे निरोप सांगितले आणि शेवटी माझ्याकडं बघितलं. मग एक हात भिंतीला, एक हात कमरेत, ओठ दातांत धरून ती अशी वाकली, की मला माझंच दुखणं तिच्या अंगात दिसलं. आणि अगदी माझ्या आवाजात, माझी मान जशी ताठ होते तशी ताठ करून म्हणाली, "माझा काही निरोप न्हाई."

ऑफिसात कोणी हसलं नाही. मी उठून जाणार होतो, पण मला पटकन उठता येत नव्हतं, आणि तेही सगळ्यांनी पाहिलं. नाईकवाडे साहेब बघू म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून माझी बदली फाटकावरच्या खोलीत झाली. काम बसून. गाड्यांची नोंद ठेवायची आणि वेळेवर भोंगा द्यायचा. मी झिमाबाईशी आठ दिवस बोललो नाही. तिनं ती गाठ माझ्यासमोर येऊन सोडली आणि एका शब्दानं बोलली नाही, म्हणजे भांडायचीही सोय ठेवली नाही.

आता गंमत बघा. भोंग्याचं बटन माझ्या हाताखाली आलं. खिडकीतून मला गाडी दिसायची, गाडीकडं बघणाऱ्या बाया दिसायच्या, आणि समोर भिंतीवर घड्याळ. बाया मला टोमणे मारायच्या. "दाजीबा मामा, बोट दुखतंय का तुमचं? आमी येऊन दाबू का?" दुसरी म्हणायची, "ह्यांला इथं आपल्याच बाईनं बसवलं, अन् हे आपल्यालाच चालत लावून राहिले."

मी म्हणायचो, "रूल म्हंजी रूल. उद्या मी दहा मिनिटं आधी दाबला अन् परवा कोनी दहा मिनिटं उशिरा दाबला, तर चालंल का तुमाला?" माझं म्हणणं आजही तेच आहे. घड्याळात सहा वाजल्याशिवाय मी बटनाला हात लावला नाही. झिमाबाईनं मला कधी आधी दाबा म्हटलं नाही. तिला चोरून मिळालेली दहा मिनिटं नको होती. तिला जवाब पाहिजे होता. त्या हंगामभर तिनं ऑफिसातला चहा घेतला नाही आणि त्या खुर्चीवर बसली नाही.

दुसऱ्या हंगामात बैठक लागायलाच निम्मा हंगाम गेला. पहिल्याच बैठकीत नाईकवाडे साहेबांनी वही उघडली. "समितीचा अध्यक्ष या नात्यानं मी..."

"थांबा," झिमाबाई म्हणाली.

तिनं चष्मा वर सारला. वजनकाट्यापाशी उभं राहून वाचत असल्यासारखा हातात कागद धरला, आणि गेल्या वर्षीची ती नोटीस पहिल्या शब्दापासून म्हणायला लागली. तिला वाचता येत नव्हतं. एकदा कानावर पडली होती, तेवढीच. साहेब जिथं अडखळले होते तिथं ती अडखळली. साहेबांना जिथं शिंक आली होती तिथं ती शिंकली. आणि शिंकेच्या पुढचं वाक्य, जे आमच्यापैकी कोणी ऐकलं नव्हतं, ते होतं, "समितीचा अध्यक्ष एका वर्षी मालकाकडील व पुढील वर्षी कामगारांकडील, असा आळीपाळीने राहील."

टाइमकीपर हळूच उठला आणि नोटीस बोर्डावरचं कॅलेंडर बाजूला केलं. खाली नोटीस होती. त्यानं बोट ठेवून वाचलं.

"साहेब, आहे असं."

बशीर म्हणाला, "अध्यक्ष झिमाबाई." मी पण हात वर केला. मी कामगारांतला सगळ्यात जुना, म्हणजे खरं तर मान माझा होता. पण शिंकेपुढचं मला आठवलं नव्हतं, तिला आठवलं होतं.

नाईकवाडे साहेबांनी आपली गोल फिरणारी खुर्ची सोडली. झिमाबाई तिच्याजवळ गेली, पाठीवर हात ठेवला आणि उभीच राहिली.

"पहिला निरोप भोंग्याचा. गेल्या साली दिला होता. जवाब आला न्हाई."

"बाई, मी सांगितलं होतं. मालकांचा नियम आहे. दहा-पंधरा मिनिटं यंत्रं आधी बंद करायची म्हणजे..."

"सकाळी साडेआठला आमी मोरीवर बसलेल्या असतो. भोंगा पावणेनऊला करा. संध्याकाळी पावणेसहाला सोडा. कामाची येळ तितकीच."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं. आठवं वाक्य होतं. तुमी तिसऱ्यालाच बघू म्हणले."

"पण हे माझ्या हातात नाही. मालकांना विचारावं लागेल. बैठक आपण आता..."

"जवाब आल्याबिगर बैठक मोडत न्हाई," झिमाबाई म्हणाली. अध्यक्ष ती होती. वही मिटवायची कोणी, हा प्रश्न आला आणि वही उघडीच राहिली. बाहेर पाच वाजून गेले. बाया कापूस सोडून खिडकीकडं बघायला लागल्या. मला माझ्या खोलीत जाऊन सहाचा भोंगा द्यायचा होता, आणि मी समितीत बसलो होतो. माझ्या जन्मात भोंगा चुकायची तेवढी एकच वेळ आली असती.

शेवटी भाच्यानं मोबाइल काढला आणि मामाला लावला. फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. झिमाबाई फोनपुढं उभी राहिली आणि बायांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. गाडी, मोरी, डुकरं, पावणेनऊ, पावणेसहा.

पलीकडून मालक म्हणाले, "अहो, ह्या बायांना घरी जायची इतकीच घाई असेल तर त्यांनी..."

भाचा फोनवर पडलाच. "मामा, मामा, थांबा. नीट बोला. ही बाई उद्या जेवणाच्या सुट्टीत हे सगळं तुमच्या आवाजात वजनकाट्यावर उभं राहून सांगणार आहे. मागच्या वर्षी साहेबांचं सांगितलं. अजून सांगतात लोक."

फोनमध्ये नुसता पंखा ऐकू येत होता, तोही मालकांच्या घरचा.

"कोण आहे ती बाई?"

"समितीची अध्यक्ष आहे, मामा."

पुन्हा पंखा. मग मालक म्हणाले, आणि ह्या वेळी शब्द सावकाश, एकेक वेगळा, शाळेत कविता म्हणतात तसा, "उद्यापासून सकाळी पावणेनऊ आणि संध्याकाळी पावणेसहा. बायांना त्रास होऊ नये अशी आमची इच्छा आहे."

"पुन्यांदा सांगा, मालक," झिमाबाई म्हणाली. "निरोप हाय. शब्द सुटाया नको."

मालकांनी पुन्हा सांगितलं.

झिमाबाईनं ओढणीचं टोक हातात घेतलं. ती गाठ दीड हंगामाची, धुतलेली, वाळलेली, घट्ट बसलेली. नखानं सुटेना, तेव्हा तिनं दातानं सोडली. तिथं कापडाला इतका पीळ बसला होता, की गाठ गेली तरी जागा गाठीसारखीच दिसत होती. मग ती त्या फिरत्या खुर्चीवर बसली. खुर्ची थोडी फिरली, तिनं पाय टेकून थांबवली. समोरचा चहा उचलला. निवून साय धरलेली होती.

"साखर लई झाली," ती म्हणाली. समितीत तिनं स्वतःचं म्हणून सांगितलेलं माझ्या माहितीत हे पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर मालकांचा आवाज आला. "अशी आमची इच्छा आहे" म्हणताना तिनं मागं पंखासुद्धा फिरवला. त्या संध्याकाळी मी पावणेसहाला बटन दाबलं. बाया हात झटकत निघाल्या, चालत, कोणी पळालं नाही, आणि गाडी आली तेव्हा फाटकात उभ्या होत्या. कंडक्टरनं हात हलवला नाही. दार उघडलं.

झिमाबाई त्यानंतर एकच हंगाम आली. लेकाला हिंगोलीत काम लागलं होतं, नातवंडांकडं बघायला तिला नेणार होते. हंगामाचा तो शेवटचा आठवडा. तिच्या ओढणीला एकही गाठ नव्हती, सगळे निरोप तिनं पोचवून, जवाब आणून ठेवले होते. मी त्या दिवशी खिडकीत बसलो होतो. गाडीवर ड्रायव्हर नवा होता, त्याला रस्ता मोकळा मिळाला असेल, गाडी वेळेआधीच वळणावर दिसली. थांबायची नाही हे मला कळत होतं, कारण फाटकाशी कोणी उभं नव्हतं. घड्याळात पावणेसहाला दोन मिनिटं कमी होती.

मी बटन दाबलं.

बाया चकित होऊन एकमेकींकडं बघायला लागल्या आणि मग धावल्या. ऑफिसातून नाईकवाडे साहेब बाहेर आले, हातातल्या घड्याळाकडं बघितलं, माझ्या खिडकीकडं बघितलं, आणि परत आत गेले. गाडी थांबली. झिमाबाई सगळ्यात मागं, तिचे गुडघेही सासऱ्याच्या वाटेनं निघाले होते. ती गाडीकडं न जाता माझ्या खिडकीशी आली. आत वाकून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"भाऊ, दोन मिनिटं कमी हायेत."

"मला दिसत न्हाई बराबर. वय झालं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी गाड्यांच्या नोंदीची वही सरळ केली. ती सरळच होती.

"झिमे, लवकर ये," गाडीतून बाया ओरडत होत्या. कंडक्टरनं घंटी एकदा वाजवली.

"आता मी येत न्हाई इकडं," ती म्हणाली. "तुमचा काय निरोप?"

"माझा काही निरोप न्हाई."

"बराबर."

ती वळली. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून, दांड्याला एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं तिनं ओढणीचं टोक ओढलं, दातात धरलं, आणि घट्ट गाठ मारली. मग आत गेली. टिंग टिंग.